पुन्हा उभे केलेले तेच असते का?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या मंदिराचा खालचा भाग यादवकाळातल्या कोरीव दगडाचा आहे आणि वरचा नंतरच्या काळात, निराळ्या घडणीने बांधलेला. दोन्हींतला सांधा लपत नाही. तरीही अरुंद पायऱ्या उतरून भुयारी गाभाऱ्यात जाणाऱ्या भाविकाला आपण दुसऱ्याच देवळात आलो असे वाटत नाही. मोडलेले पुन्हा उभे केले तर ते तेच असते का? मला वाटते, ते तेच आहे की नाही हे उभे करणाऱ्याने पत्करलेल्या जबाबदारीवरून ठरते, आणि संगणकाच्या फायरवॉललाही हे लागू आहे.

यावर कुणी म्हणेल, देवळाचे ठीक, फायरवॉलची प्रत तर अक्षरशः तीच असते. लिनक्सवर ‘आयपीटेबल्स-सेव्ह’ ही कमांड दिली की कुणाला आत घ्यायचे, कुणाला अडवायचे याचे नियम साध्या मजकुरात उतरतात. ते फाइलमध्ये ठेवले की ‘आयपीटेबल्स-रिस्टोअर’ने दुसऱ्या यंत्रावरही बसवता येतात. गीतेतला, जुनी वस्त्रे टाकून नवी घेणारा आत्मा इथे आठवतोच. पण ही उपमा फसवी आहे. आत्मा अविकारी मानला आहे. फाइल ही एका दिवशीच्या निर्णयांची नोंद. त्या क्षणी सुरू असलेली कनेक्शन तिच्यात येत नाहीत. शिवाय रिस्टोअरची कमांड, वेगळे सांगितले नसेल तर, फाइलमध्ये आलेल्या टेबलांतले, म्हणजे नियमांच्या गटांतले, आजचे नियम पुसून जुने लावते. मधल्या काळात एखाद्याचा प्रवेश काढून घेतला असेल, तर जुना बॅकअप ते दार मुकाट्याने उघडतो. अक्षर न् अक्षर तेच, आणि राखण मोडलेली!

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सारे जबाबदारीवर सोपवले, तर कुणीही काहीही बदलून ‘हे तेच’ म्हणेल. तसे म्हणता येणार नाही, कारण जबाबदारी घेतली की जाब देणे आलेच. नियम लागू न करता फाइल नुसती तपासण्याची सोय रिस्टोअरच्याच कमांडमध्ये आहे. पण लिखाण बरोबर आहे, एवढेच ती सांगते. कोणता नियम कुणासाठी लिहिला होता, तो माणूस, ते यंत्र आज आहे का, याची चौकशी माणसालाच करावी लागते. औंढ्याच्या वरच्या बांधकामाने जुनी घडण गिरवली नाही, खालचे कोरीव काम मात्र राखले. काय जुने, काय नवे, ते आजही डोळ्यांना दिसते. फायरवॉलच्या फाइलपाशीही असा सांधा उघडा हवा: प्रत कोणत्या तारखेची, ती कुणी लावली, आणि लावल्यावर कोणते नियम हाताने बदलले.