वाचणारं मंडळ

1939 साली अमरावतीहून ‘षट्खंडागम’ या प्राचीन जैन ग्रंथाचा पहिला खंड छापून बाहेर पडला. सोबत वीरसेनाचार्यांची ‘धवला’ ही टीका आणि तिचा हिंदी अनुवाद होता. नवव्या शतकातली ही टीका कित्येक शतकं कर्नाटकात मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर राहिली होती. लोक तिचं दर्शन घेत, वाचणारे जवळजवळ नव्हते. तिचे संपादक अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे डॉ. हिरालाल जैन होते. पैसा भेलशाच्या, म्हणजे आताच्या विदिशाच्या, एका शेठजींच्या निधीतून आला. मदतीला जुन्या पद्धतीने शास्त्र शिकलेले पंडित होते आणि सल्ल्याला कोल्हापूरचे आ. ने. उपाध्ये. मालिका पुढे सोळा खंडांपर्यंत गेली.

त्याआधीची दहा-पंधरा वर्षं हेच प्राध्यापक कारंज्याच्या जैन मंदिरांतल्या पोथ्यांत गुंतले होते. कारंजा लाड हे भट्टारकांच्या, म्हणजे जैन धर्मगुरूंच्या, गाद्यांचं गाव. तिथल्या ग्रंथभांडारांची नोंद रायबहादुर हिरालाल यांनी तयार केलेल्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखितांच्या सूचीत 1926 साली छापली गेली (हे हिरालाल वेगळे, नावसाधर्म्यामुळे अनेकांचा घोटाळा होतो). मग कारंज्याच्या चवरे घराण्याच्या देणगीतून ग्रंथमाला निघाली. प. ल. वैद्यांनी संपादलेलं पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ 1931 साली आलं. पाठोपाठ जैन यांनी संपादलेली ‘सावयधम्मदोहा’, ‘पाहुडदोहा’, ‘णायकुमारचरिउ’ आणि ‘करकंडचरिउ’ ही पुस्तकं 1934 पर्यंत आली. मराठीच्या आधीची जी अपभ्रंश भाषा, तिचं साहित्य जगाला दाखवणाऱ्या पहिल्या पुस्तकांमध्ये ही मोजली जातात आणि त्यांचं मूळ अमरावतीहून मोटारीने दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे.

विद्यापीठात मध्ययुगाच्या अभ्यासाचं मंडळ कसं चालवावं, या प्रश्नाला वऱ्हाडात सुरुवात इथून करायला हवी. बाहेरून नमुना आणण्याची गरज नाही.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ 1 मे 1983 रोजी स्थापन झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे त्याचं कार्यक्षेत्र. निजामाने 1853 साली इंग्रजांकडे सोपवलेला वऱ्हाड जवळपास हाच. विद्यापीठाची हद्द आणि एका जुन्या प्रांताची हद्द अशी जुळून येणं दुर्मीळ असतं. या पाच जिल्ह्यांत महानुभावांचं रिद्धपूर आहे, इमादशाहीची राजधानी अचलपूर आहे, गाविलगड आणि नरनाळा आहेत, मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा बाळापूरचा किल्ला आहे, लोणारचं दैत्यसूदनाचं मंदिर आहे, सिंदखेडराजा आहे. साखरखेर्डाही इथेच आहे. 11 ऑक्टोबर 1724 रोजी निजाम-उल-मुल्कने तिथे मुबारिजखानाचा पाडाव केला आणि हैदराबादचं राज्य खऱ्या अर्थाने उभं राहिलं.

सामग्री उदंड आहे. ती वाचणारे कमी आहेत, आणि इथेच मंडळाच्या रूढ कल्पनेला हरकत घ्यावी लागते.

महाविद्यालयांतल्या इतिहास मंडळाचं वर्ष बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं. पावसाळ्यात उद्‌घाटन, पाहुण्यांचं भाषण, शाल-श्रीफळ, एक भित्तिपत्रक, हिवाळ्यात किल्ल्यावर सहल, फेब्रुवारीत शिवजयंतीची वक्तृत्व स्पर्धा. प्रत्येकाची छायाचित्रं आणि सह्यांची यादी नॅकच्या फायलीला लागते. यातलं काहीच वाईट नाही. एखाद्या चांगल्या भाषणाने एखाद्या मुलाचं आयुष्य वळतं, हेही खरं. पण असं मंडळ सलग पाच वर्षं चाललं तरी त्यातून बाहेर पडलेल्या एकाही विद्यार्थ्याला सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीतलं पान आपलं आपण वाचता येत नसेल, तर मंडळाने आपलं मुख्य काम केलेलं नाही. मंडळ कार्यक्रमांवर चालवायचं की वाचनावर, हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो. पुढचं सगळं त्यातून ठरतं.

वाचनावर चालवायचं म्हणजे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, पाच-सात जणांनी एक मजकूर समोर ठेवून ओळीओळीने पुढे जायचं. एका बैठकीत अर्धं पान झालं तरी पुरे. वेळ दुपारची हवी. निम्मे विद्यार्थी अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, चांदूरकडून अप-डाउन करणारे असतात, त्यांची संध्याकाळची गाडी चुकवून मंडळ टिकत नाही. अकोल्याच्या महाविद्यालयांत दुसरी शाखा असावी आणि दोन्ही शाखांनी तोच मजकूर त्याच आठवड्यात वाचावा, म्हणजे महिन्यातून एकदा एकत्र बसल्यावर वाद घालायला काहीतरी हाती असतं.

मजकूर कोणता? अमरावती जिल्ह्यात याचं उत्तर रिद्धपूर. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे गुरू गोविंदप्रभू इथे राहिले. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य आणि इतर शिष्य इथेच एकत्र आले. म्हाइंभटाने गावोगाव हिंडून, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं त्यांना विचारून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. एकाच प्रसंगाच्या निराळ्या आठवणी कोणाच्या, हे नोंदवून ठेवण्याची त्याची रीत आजच्या मौखिक इतिहासाच्या अभ्यासकालाही शिकण्यासारखी आहे. महदाइसेचे धवळे याच मंडळींतले. चौदाव्या शतकातली ‘स्थानपोथी’ तर मंडळासाठीच लिहिली असावी इतकी सोयीची आहे. चक्रधर कुठे थांबले, ते देऊळ कोणत्या दिशेला, दार कुठे, मठ कुठे, याच्या बारीक नोंदी तिच्यात आहेत. वर्गात रिद्धपूरचा भाग वाचावा आणि मग तीच पोथी हातात घेऊन गाव फिरावं. जे उरलं ते, जे सरकलं ते आणि जे नाहीसं झालं ते, अशा तीन याद्या कराव्यात. इतिहास, मराठी, भूगोल आणि स्थापत्य शिकणाऱ्या चौघांनी मिळून हे एका हिवाळ्यात करण्यासारखं आहे.

अमेरिकी संशोधक अ‍ॅन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद 1984 साली प्रसिद्ध केला आणि शं. गो. तुळपुळे यांच्यासह जुन्या मराठीचा कोश तयार केला. तो 1999 साली आला. ‘लीळाचरित्र’ आणि ‘ज्ञानेश्वरी’ यांच्यावर उभा असलेला ख्रिश्चन नोवेट्झ्के यांचा ग्रंथ 2016 सालचा. रिद्धपूरचं गद्य आज दूरदूरच्या विद्यापीठांत शिकवलं जातं. मोर्शी तालुक्यातल्या बी.ए.च्या मुलीला ते परीक्षेतल्या चार गुणांच्या टिपेपलीकडे भेटू नये, हे खटकणारं आहे. राज्य शासनाने रिद्धपुरातच मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केलं आहे आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. अमरावतीच्या मंडळाला शेजारी आता एक भाषेचं विद्यापीठ आहे, त्याच्याशी बैठका वाटून घ्याव्यात.

लिपीचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ आणि इतर सांकेतिक लिप्यांत जपले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्या खटपटीनंतर ते पंथाबाहेरच्या वाचकांना खुले होऊ लागले. देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतले कागद मोडीत आहेत. त्यांत निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दोअमलीचा, म्हणजे दुहेरी अंमलाचा, काळ दडलेला आहे. अचलपूर, नरनाळा, बाळापूर इथले शिलालेख फारसीत किंवा अरबीत. कारंज्याच्या पोथ्या जुन्या नागरीत. कोणत्याही एका विभागाकडे हे सगळं नाही. फारसी-उर्दूचा जाणकार, मोडी वाचणारा, प्राकृत शिकलेला आणि मराठीचा प्राध्यापक यांना एका टेबलाशी बसवणं, हे विद्यापीठातल्या विभागांच्या रचनेत आपोआप घडत नाही. मंडळ लागतं ते याचसाठी.

नरनाळ्याचा महाकाली दरवाजा याचं चांगलं उदाहरण आहे. सहलीला आलेली मुलं त्याच्या कोरीवकामासमोर छायाचित्रं काढतात. त्यावरचा लेख 1487 सालचा. दरवाजा बांधवून घेणारा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क त्यात बहमनी सुलतानांची नावं कोरवतो. अवघ्या तीन वर्षांनी, 1490 मध्ये, तो स्वतंत्र होतो आणि वऱ्हाडची इमादशाही सुरू होते. धन्याच्या नावाने दगडावर लिहिणारा सरदार आणि तीन वर्षांनंतरचा राजा हा एकच माणूस. लेख वाचता आला की पाठ्यपुस्तकातलं ‘बहमनी राज्याची पाच शकलं झाली’ हे वाक्य एकदम जिवंत होतं. इथे एक व्यवहाराची गोष्ट: नरनाळा आणि गाविलगड दोन्ही मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात येतात. वनखात्याची परवानगी आधी काढावी लागते, आणि अकोल्याचा उन्हाळा पाहता दिवाळी ते महाशिवरात्र हेच दिवस हाताशी असतात.

मध्ययुगाचं मंडळ चालवायचं म्हणजे आजच्या भांडणांना तोंड द्यायचं, हे गृहीत धरावं. सतराव्या शतकाबद्दल मोबाइलवर जे फिरतं ते घेऊनच विद्यार्थी आत येणार. त्याला उपदेश करून उपयोग नाही, समोर मजकूर ठेवावा. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की फतहुल्ला हा विजयनगरच्या मुलखातला हिंदू मुलगा, लहानपणी पकडला गेलेला. अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ फिरिश्त्याच्याच सांगण्याप्रमाणे पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांत. तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहाकडे होती. बुऱ्हाण निजामशाहाला पूर्वजांचं ते गाव हवं होतं, बदल्यात दुसरा मुलूख देण्याची त्याची तयारी होती. नकार मिळाल्यावर त्याने 1518 साली ते लढून घेतलं. पुढे 1574 मध्ये निजामशाहीने सबंध इमादशाहीच गिळली आणि 1596 मध्ये वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला. वडिलोपार्जित गावासाठी दोन सुलतानांनी युद्ध करावं, ही हकीकत वाचल्यावर चर्चा आपोआप वतन, घराणं, महसूल यांच्याकडे वळते. धर्माचा प्रश्न नाहीसा होत नाही, होऊही नये. तो त्याच्या जागी, इतर कारणांच्या सोबतीने दिसायला लागतो.

दुसरी कसोटी पोथ्या सांभाळणाऱ्यांशी वागण्याची. महंत, मंदिराचे विश्वस्त, बाळापूरच्या नक्शबंदी परंपरेचे वारस यांच्या घरी ग्रंथ आहेत ते त्यांनी जपले म्हणून. त्यांच्यासाठी ते पूजेचे आहेत. वि. भि. कोलते हे बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू आणि महानुभाव साहित्याचे सर्वांत मोठे संपादक. त्यांच्या ‘लीळाचरित्रा’च्या 1978 च्या आवृत्तीवरही पंथातून तीव्र आक्षेप आले. संपादकाचं स्वातंत्र्य आणि श्रद्धावंताची भावना यांतलं हे अंतर मंडळाच्या नियमांनी मिटणार नाही. पण काही रीती पाळता येतात. पोथी जागेवरून हलवायची नाही. धन्याच्या समोरच छायाचित्रं घ्यायची. लिप्यंतराची पहिली प्रत त्याला द्यायची. छापण्यापूर्वी विचारायचं. विद्यार्थ्याने घाईने समाजमाध्यमावर टाकलेलं एक पान दहा घरांची दारं बंद करू शकतं.

यावर सरळ आक्षेप असा की हे करणार कोण? विद्यार्थी स्पर्धा परीक्षेच्या मागे, अर्धे शिक्षक तासिका तत्त्वावर, पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हे त्यांनाच ठाऊक नाही. आक्षेप खरा आहे. शंभर सभासदांचं वाचनमंडळ होणार नाही, सात-आठांचं होईल. वऱ्हाडातलं काम तेवढ्यांनीच झालेलं आहे. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ 1925 साली काढलं आणि शारदाश्रमाभोवती अभ्यासक जमवले. बुलढाण्याच्या या. मा. काळ्यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ त्याच्या आदल्याच वर्षी आला. पुण्यात 7 जुलै 1910 रोजी राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू केलं तेव्हा तेही मूठभरच होते. लंडनमध्ये फर्निव्हलने 1864 साली जुने इंग्रजी ग्रंथ छापण्यासाठी काढलेली संस्था वर्षाला एक गिनी वर्गणीवर चालली. अजूनही ती पुस्तकं काढते आणि इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशाला तिच्या ग्रंथांचा आधार मिळाला.

या सगळ्यांत एक साम्य आहे. प्रत्येकाने दरवर्षी काहीतरी छापलं, नुसते जमून पांगले नाहीत. म्हणून विद्यापीठाच्या मंडळानेही वर्षाअखेर एक पुस्तिका काढावी. बत्तीस पानं पुरेत. एका वर्षी स्थानपोथी हातात घेऊन पाहिलेलं रिद्धपूर, दुसऱ्या वर्षी एका देशमुख घराण्याचे वीस मोडी कागद, तिसऱ्या वर्षी अचलपूरचे लेख मूळ, लिप्यंतर आणि अर्थ यांसह. छपाईचा खर्च गावातला एखादा व्यापारी, डॉक्टर किंवा कापसाचा अडत्या उचलतो. चवऱ्यांनी उचलला तसा. त्याचं नाव आतल्या पानावर ठळक छापावं.

उरतो तो सातत्याचा प्रश्न. बहुतेक मंडळं एका उत्साही शिक्षकाच्या बदलीने किंवा निवृत्तीने बंद पडतात. त्यामुळे सूत्रं दोन शिक्षकांकडे, तीही दोन वेगळ्या विभागांतल्या, आणि दोन विद्यार्थ्यांकडे असावीत. त्यांतला एक पहिल्या वर्षाचा हवा. बैठकीची वही ठेवावी. तिच्यात भाषणाचा सारांश नको. कोणत्या ओळीपर्यंत आलो, कोणता शब्द अडला, कोणाने कोणता अर्थ सुचवला, एवढंच लिहावं. छायाचित्रांची आणि लिप्यंतरांची एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करावी, कोणाच्या खाजगी संगणकावर ठेवू नये. जूनमध्ये नवे विद्यार्थी आले की त्यांना वहीतलं शेवटचं पान उघडून द्यावं आणि पुढच्या ओळीपासून बैठक सुरू करावी.