बहुलेच्या मैत्रिणी

बहुला गायीची कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. वाघाने गाठल्यावर ती एवढंच मागते, की वासराला पाजून येऊ दे. दिल्या शब्दाला जागून परत येते आणि वाघच विरघळतो. भंडारा जिल्ह्यात, कोका-नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या गावांत, ही कथा पुराणातली राहत नाही. इथे चरायला गेलेली गाय खरोखर वाघाच्या तोंडी जाते आणि गोठ्यातलं वासरू हंबरत राहतं. पुण्यकोटी ही बहुलेची कन्नड बहीण. निघण्याआधी ती कळपातल्या इतर गायींना विनवते, माझ्या लेकराकडे लक्ष ठेवा. मराठीत गोष्ट सांगताना आपण थांबतो ते बहुधा त्यागापाशी. आई एकटीच उरते.

संतांनी अशाच आईला देवपण दिलं. नामदेवांची चाऱ्याला गेलेली पक्षीण, नुसत्या नजरेने पिलांना पोसणारी कासवी, वासरासाठी धावणारी गाय, या साऱ्यांतून विठ्ठल माउली झाला. हे फार मोठं काम होतं. पण त्या चित्रांत नजर पिलाची आहे. घरट्यातून वाट पाहणाऱ्याला आईची भूक, तिचा थकवा दिसणार कसा?

ती नजर बदलायला रानात बसून पाहणारी माणसं यावी लागली. मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या तळ्याकाठी वर्षानुवर्षं पक्षी न्याहाळले, तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया वेगळा झाला 1999 मध्ये. या पट्ट्यातली सारसाची जोडी धानाच्या बांधीत काडीकचऱ्याचा ढीग रचून त्यावर अंडी घालते आणि नर-मादी आळीपाळीने ती उबवतात. एक उठतं, तेव्हा दुसरं बसतं.

माझ्या मते खरा धक्का दिला तो वानरांनी. धारवाडच्या जंगलात युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने 1960च्या दशकात नोंदवलं होतं, की टोळी बळकावणारा नवा नर आधीची पिल्लं मारतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ या कादंबरीत (1982) वानरांच्या टोळ्यांचं हे निर्दय जग मराठीत आलं. त्या जगात आईची माया पिलाला वाचवायला पुरत नाही, आणि पिलू गेल्यावरही आईला त्याच टोळीत दिवस काढावे लागतात. ज्या बायकांनी घरातली सत्ता बदलताना पाहिली आहे, त्यांना यात परकं काही वाटणार नाही.

सारा हर्डी ही अमेरिकन संशोधक 1970च्या दशकात माउंट अबूच्या वानरांमागे फिरली. पिल्लांच्या हत्येइतकीच आणखी एक गोष्ट तिथे दिसत होती: वानरी आपलं तान्हं दुसऱ्या माद्यांच्या हाती देते आणि निवांत पाला खाते. पुढे हर्डीने मांडलं, की माणसाचं मूलही एकट्या आईने वाढवायचं कधी नव्हतंच. आजी, मावशी, मोठी बहीण, बाप, शेजारीण असे अनेक हात त्याला लागत आले. तोवर विज्ञानही बहुतांशी एकट्या आईचीच गोष्ट सांगत होतं.

भंडाऱ्यातल्या कोणत्याही गावाला हे ठाऊक आहे. रोवण्याच्या दिवसांत बाई सकाळीच बांधीत उतरते, पऱ्ह्यांची जुडी डाव्या हातात धरून दिवसभर वाकून मागे सरकत रोप लावत जाते. तान्हं घरी आजीजवळ असतं, नाहीतर धुऱ्यावर झाडाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत, आणि झोका द्यायला आठ-दहा वर्षांची बहीण. त्या बहिणीची शाळा बुडते. आजी नसेल तर रोजी बुडते. आईच्या मायेचे गोडवे गाणाऱ्या आपल्या गोष्टींत या आजीला आणि या बहिणीला नाव नाही. म्हणून पुण्यकोटीच्या त्या मैत्रिणी बहुलेच्या गोष्टीतही यायला हव्यात असं मला मनापासून वाटतं: वासराला अंगाशी घेऊन उभ्या राहिलेल्या, दूध आपल्या वासराचं असूनही त्याला तोंड लावू देणाऱ्या.