साठवलेले वाक्य आणि उच्चाराची जबाबदारी

वारंवार लागणारा मजकूर संगणकात साठवून ठेवणे आणि एखाद्या छोट्या खुणेच्या साहाय्याने तो पुन्हा पुन्हा वापरणे ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यासंबंधी काही नैतिक प्रश्न संभवतो असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’च्या आरंभीच्या आवृत्त्यांत या साठ्याला ‘ग्लॉसरी’ म्हणत; १९९३ मधील सहाव्या आवृत्तीत तिचे ‘ऑटोटेक्स्ट’ झाले. मजकुराला नाव द्यायचे, ते नाव टंकून एफ-३ ही कळ दाबायची, की अख्खा परिच्छेद उमटतो. (दुर्बोध शब्दांच्या स्पष्टीकरणासाठी रूढ असलेली संज्ञा, ज्यांचा अर्थ पाहण्याची कोणालाच गरज भासत नाही अशा वाक्यांच्या फडताळाला मिळावी, हे सूचक आहे.) असा परिच्छेद उमटतो तेव्हा तो कोणी उच्चारलेला असतो?

पुनरावृत्तीलाच दोष मानण्याची घाई येथे करू नये. होमरच्या महाकाव्यांतील ठरीव शब्दबंध हे प्रतिभेच्या अभावाचे लक्षण नसून मौखिक रचनेचे साधन आहे, हे मिल्मन पॅरीच्या संशोधनापासून मान्य झालेले आहे. जात्यावरच्या ओव्यांतील ठेवणीतल्या आरंभांविषयीही तेच म्हणता येईल. ऑस्टिनच्या विवेचनातील कृतिरूप उच्चारांना तर ठरीव शब्दांवाचून अस्तित्वच नाही. साक्षीदार स्वतःच्या शैलीत शपथ घेऊ लागला, तर शपथ घडतच नाही. कार्यालयीन पत्रव्यवहारात समान अर्जदारांना समान शब्दांत उत्तर मिळणे हाच न्याय होय. चिन्हाची पुनरुच्चार्यता ही अर्थाची पूर्वअटच आहे, असे देरिदा म्हणतो. परंतु तेवढ्यावरून उच्चारणाऱ्याची जबाबदारी लोपते, हा काही अभ्यासकांनी काढलेला निष्कर्ष त्या विधानातून निष्पन्न होत नाही.

या संदर्भात मराठी पत्रलेखनाची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हा मायना झिजून ‘कृ. सा. न. वि. वि.’ एवढाच उरला. येथे संक्षेप कागदावर राहतो आणि त्याचा विस्तार वाचणारा मनात करतो. हा शिष्टाचार आहे, हे उभयपक्षी ठाऊक असते. कोणीही त्यावरून नमस्काराची उत्कटता मोजत नाही. शिवाय या मायन्याला स्वतःची सीमा असते. जुन्या पत्रांतील ‘विनंती उपरी’ हे शब्द ती सीमा उघडपणे सांगतात: साचा येथवर, यापुढे या पत्राचे खास प्रयोजन. संगणकीय सोयीत हा क्रम नेमका उलटतो. संक्षेप लिहिणाऱ्याकडेच राहतो, विस्तार तेवढा वाचणाऱ्याकडे पोहोचतो. आणि साठवलेले वाक्य व आताच सुचलेले वाक्य एकाच टंकात, खांद्याला खांदा लावून उभे राहतात. साच्याने स्वतःचे साचेपण लपवणे, हा या व्यवहारातील खरा नवा भाग आहे.

हे लपवणे सर्वत्र सारखेच गंभीर नसते. ज्या लेखनाचा दावाच ‘हे तुमच्याकडे पाहून लिहिले आहे’ असा असतो, तेथे ते गंभीर होते. सांत्वनपत्र हे त्याचे उघड उदाहरण. एकाच व्यक्तीची दोन घरी गेलेली पत्रे योगायोगाने शेजारी ठेवली गेली, तर दुखावते ते काय? पत्रातील एकही विधान खोटे नसते. मात्र दिवंगताच्या नावासाठी त्यात आधीपासून जागा सोडलेली होती, हे कळलेले असते.

विद्यापीठीय व्यवहारातील प्रबंध-परीक्षणाचा अहवाल हे तितकेसे न चर्चिलेले उदाहरण होय. ‘उमेदवाराने मूळ साधनांचा साक्षेपाने उपयोग केला आहे’ हे साठवलेले वाक्य समोरच्या प्रबंधाबाबत खरेही असू शकेल. परंतु अहवाल ही केवळ सत्य विधानांची जुळणी नसून वाचल्याची साक्ष असते, आणि हे वाक्य वाचनापूर्वीच सिद्ध होते. यावर असा आक्षेप घेता येईल की, ‘साक्षेप’ हा शब्दही वाचनापूर्वीपासून कोशात होताच. आक्षेप बिनतोड वाटतो, पण तसा नाही. शब्द निवडताना प्रत्येक वेळी दुसरा शब्द नाकारावा लागतो. साठवलेल्या परिच्छेदात ते नाकारणे पूर्वीच, दुसऱ्याच कोणा प्रबंधासमोर उरकलेले असते. म्हणून टंकनाचे श्रम हा येथे निकष होऊ शकत नाही. ज्याची बोटे दुखतात त्याने कळ वाचवली म्हणून त्याचा अभिप्राय कमी प्रामाणिक ठरत नाही. उमटलेले वाक्य या प्रबंधाला लागू नाही असे आढळल्यास ते खोडण्याइतके परीक्षक थांबला होता काय, एवढेच विचारता येईल. अर्थात, असे थांबणे वाचवण्यासाठीच ही सोय मुख्यतः वापरली जाते, हेही नाकारता येत नाही.

सांत्वनाची पत्रे निदान कधीतरी शेजारी येतात. संशोधकाने मात्र चार-पाच वर्षे खर्चून लिहिलेल्या प्रबंधावर त्या परीक्षकाचा एकच अहवाल येतो. ताडून पाहण्यासाठी दुसऱ्या प्रबंधावरचा त्याचा अहवाल संशोधकाच्या हाती नसतो.