खाट चौघांनी उचलली



कफर्णहूमच्या घरात घडलेला प्रसंग आपल्या परिचयाचा आहे (मार्क २:१-१२). एका पक्षाघाती माणसाला चौघांनी खाटेवर उचलून आणले. दारात गर्दी होती, म्हणून त्यांनी छप्पर उघडले आणि खाट खाली सोडली. प्रभू येशूने त्यांची श्रद्धा पाहिली, असे संत मार्क लिहितो. प्रवचनांत आपण बहुधा बऱ्या झालेल्या त्या माणसाविषयी ऐकतो. आज खाट उचलणाऱ्यांकडे पाहू या. ते चौघे होते. एकट्याने ती खाट दारापर्यंतही पोहोचली नसती.

काही आजारांची खाट डोळ्यांना दिसत नाही. बायपोलर डिसऑर्डर हा असाच एक मनोविकार आहे. काही आठवडे वा महिने रुग्ण नैराश्यात बुडतो. अंथरुणातून उठणे, अंघोळ, जेवण, मिस्सा, काहीच नकोसे होते. कधी याच्या अगदी उलट घडते. झोप उडते तरी थकवा नसतो, बोलणे थांबत नाही, पैसा उधळला जातो आणि अडवणाऱ्यावर राग निघतो. मधल्या काळात तोच माणूस चारचौघांसारखा वागतो. म्हणून लोक म्हणतात, "त्याला काय धाड भरली आहे? सगळी नाटके!" हे नाटक नव्हे, पापाची शिक्षा नव्हे, आईवडिलांच्या संस्कारांचा दोषही नव्हे. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पुष्कळांना लिथियमसारखी औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात आणि वेळोवेळी रक्त तपासावे लागते. आपण नोव्हेना जरूर करावी, पण त्यासाठी गोळी बंद करू नये.

अशा घरात एक माणूस सतत जागा असतो. कधी ती पत्नी असते, कधी म्हातारी आई, कधी धाकटा भाऊ. गोळी घेतली का, रात्री दार वाजले का, बँकेतून पैसे काढले का, याकडे त्याचे लक्ष लागलेले असते. लग्नकार्याला जाणे सुटते. स्वतःचा रक्तदाब तपासायचा राहून जातो. कधी तोंडून रागाचा शब्द निघतो आणि मग तोच शब्द मनाला खात राहतो. अशा माणसाला आपण सहज सांगतो, "हा तुझा क्रूस आहे, सहन कर." परंतु क्रूसाच्या वाटेवरील पाचवे स्थान आपण का विसरतो? प्रभूचा क्रूस वाहायलाही कुरेनेकर शिमोनाचा खांदा लागला.

एलिया संदेष्टा इतका खचला की त्याने मरण मागितले (१ राजे १९). देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले. देवदूताने दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिले. पुढची वाट त्यानंतर दाखवली. म्हणून सेवा करणाऱ्यांनो, तुमची झोप, तुमचे जेवण, तुमची तपासणी हा स्वार्थ नव्हे. घराबाहेरच्या एका तरी विश्वासू माणसाला सारे सांगा. रुग्ण शांत असताना त्याच्याशी बोलून ठरवा की झोप उडू लागली तर डॉक्टरांना कोण कळवील, पैशांचे व्यवहार कोण पाहील. तो मरणाची भाषा बोलू लागला तर ती गोष्ट झाकून ठेवू नका, त्याला एकटे सोडू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते. ती रुग्णाच्या घरच्यांसाठीही आहे.

आणि बाकीचे आपण? बेल्जियममध्ये गील नावाचे गाव आहे. तेथे मनोरुग्णांची आश्रयदाती संत डिम्फ्ना हिचे मंदिर आहे. तेथील कुटुंबे शेकडो वर्षे मनोरुग्णांना आपल्या घरी ठेवून घेत आली आहेत. आज हे काम रुग्णालयाच्या देखरेखीखाली चालते. आपल्याकडून एवढे होणार नाही कदाचित. पण रविवारी दुपारी दोन तास रुग्णाजवळ बसता येईल, म्हणजे त्याची आई झोपेल. एक डबा पोहोचवता येईल. तपासणीच्या दिवशी सोबत जाता येईल. "अजून बरा नाही का झाला?" असे विचारण्याऐवजी "तुम्ही कशा आहात? रात्री झोप झाली का?" असे विचारता येईल. आणि तेथे जे दिसेल ते गावभर करू नये, हीदेखील सेवाच आहे.

आपल्या धर्मग्रामात कोणी एकट्याने खाट ओढत असेल, तर उरलेले तिघे आपणच आहोत.

हे प्रभो, जे रात्री जागतात त्यांना विसावा दे, आणि त्यांच्या दारापर्यंत जाण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.