सोरच्या सीमेवरील भाकर

सामान्य काळातील विसावा रविवार, वर्ष अ
मत्तय १५:२१-२८



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू गालील सोडून सोर आणि सिदोनच्या प्रांतात जातो. ही नावे आपण मिस्सेत अनेकदा ऐकतो आणि पुढे जातो. परंतु त्या काळच्या माणसाला ‘सोर’ म्हटले की काय आठवत असेल, हे समजून घेतले तर कनानी मातेची ही घटना मनाला अधिक भिडते. म्हणून आज थोडा वेळ त्या नगरीत जाऊ या.

सोर हे आजच्या लेबनॉन देशाच्या किनाऱ्यावरील शहर. प्राचीन काळी ते किनाऱ्यापासून सुमारे अर्ध्या मैलावरचे एक लहानसे बेट होते. उत्तरेला एक बंदर, दक्षिणेला दुसरे. पाठीमागे लबानोनचे डोंगर आणि त्यावर गलबते बांधायला गंधसरूचे लाकूड. शेतीला जमीन थोडी, पण समोर समुद्र मोकळा. त्या लोकांनी समुद्रालाच आपले शेत केले. समुद्रातील शंखांपासून ते जांभळा रंग तयार करीत. एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा १२,००० शंखांतून जेमतेम १.४ ग्रॅम रंग हाती आला. असे कापड राजेरजवाड्यांनाच परवडणार! सोरच्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज शहर वसविले. त्या किनाऱ्यावरील लोकांची अक्षरे ग्रीकांनी उचलली आणि पुढे त्यांतूनच रोमन लिपी तयार झाली.

मात्र या श्रीमंत नगरीला एक गोष्ट बाहेरून आणावी लागे, ती म्हणजे पोटाला लागणारे धान्य. यरुशलेमच्या मंदिरासाठी हिराम राजाने गंधसरूचे लाकूड पाठविले, तेव्हा शलमोनाने त्याची किंमत गहू आणि तेलाने चुकती केली. पुढे त्याने गालीलातील वीस गावेही हिरामाला देऊन टाकली (१ राजे ९:११). गावकऱ्यांना कोणी विचारल्याचे बायबल सांगत नाही. प्रेषितांच्या काळीही सोर आणि सिदोनचे लोक अन्नासाठी हेरोदाच्या मुलखावर अवलंबून होते (प्रे. कृत्ये १२:२०). म्हणजे गहू पिकवायचा गालीलच्या शेतकऱ्याने आणि तो जायचा सोरच्या बाजारात.

यहेज्केल संदेष्ट्याने आपल्या सत्ताविसाव्या अध्यायात सोर नगरीला एका सुंदर गलबताची उपमा दिली आहे. तिच्या बाजारातील मालाची मोठी यादीही त्याने दिली आहे. रुपे, लोखंड, कथील, शिसे, घोडे, हस्तिदंत, गहू, मध, तेल, लोकर. यादी वाचता वाचता आपण एका शब्दापाशी थबकतो. कथील-शिशाच्या पाठोपाठ आणि पितळेच्या भांड्यांच्या शेजारी लिहिले आहे : माणसे. माणूसही त्या बाजारात मालच होता. आमोस संदेष्टा सोरला दोष देतो तो याचसाठी. तिने बंधुत्वाचा करार विसरून लोकांना गुलाम म्हणून अदोमाच्या हवाली केले. व्यापार करणे हे पाप नव्हते. यादीत भावाचे नाव घालणे हे पाप होते.

पुढे काय झाले? बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने सोरला १३ वर्षे वेढा घातला. ओझी वाहून सैनिकांच्या डोक्यांना टक्कल पडले आणि खांदे सोलून निघाले, तरी त्यांच्या पदरी काही पडले नाही, असे यहेज्केलच लिहितो. बेट असल्यामुळे आपल्याला कोणी हात लावू शकत नाही, असे सोरला वाटत राहिले. इ.स.पूर्व ३३२ मध्ये शिकंदर आला. त्याने किनाऱ्यावरील जुन्या वस्तीचे दगडमाती समुद्रात टाकून बेटापर्यंत बांध घातला. सात महिन्यांनी नगरी पडली. एरियन हा इतिहासकार सांगतो की सुमारे ३०,००० लोक गुलाम म्हणून विकले गेले. जी नगरी माणसे विकत होती, तिचीच माणसे विकली गेली! त्या बांधाला वाळू साचत गेली आणि सोर आज बेट राहिलेले नाही. पुढच्याच वर्षी शिकंदराने इजिप्तमध्ये अलेक्झांड्रिया वसविले आणि हळूहळू मोठा व्यापार तिकडे वळला. शिकंदर स्वतः इ.स.पूर्व ३२३ मध्ये वारला आणि त्याचे साम्राज्य त्याच्या सेनापतींनी वाटून घेतले. सोर पुन्हा उभी राहिली, परंतु आधी ग्रीकांच्या आणि मग रोमी लोकांच्या सत्तेखाली.

आता आजच्या शुभवर्तमानाकडे येऊ या. याच प्रांतातील एक आई येशूच्या मागे ओरडत येते. तिची मुलगी पीडित आहे. शिष्यांना ती कटकट वाटते. येशूही प्रथम तिला मुलांच्या भाकरीविषयी बोलतो आणि ते शब्द आपल्या कानांना कठोर वाटतात. पण गालीलच्या माणसाला त्यात आपले जुने दुःख ऐकू आले असेल. आमच्या मुलांच्या ताटातील भाकर नाहीतरी सोरला जातेच आहे, आता अजून काय द्यायचे?

ती माता मात्र आपल्या प्रांताचा तोरा मिरवत नाही. सोने पुढे करीत नाही. ती मेजाखाली पडणारे तुकडे मागते. आणि येशू तिची श्रद्धा थोर आहे असे सर्वांसमोर सांगतो. पिढ्यानपिढ्या या सीमेवर भाकरीची किंमत मोजली गेली होती. त्या दिवशी प्रथमच ती फुकट मिळाली. येशूने त्या बाईला ‘सोरवाली’ म्हणून यादीत टाकले नाही. त्याने एक आई पाहिली.

या भाकरीचे पुढे काय झाले, हेही बायबल सांगते. संत पौल ज्या गलबतातून प्रवास करीत होता, ते माल उतरविण्यासाठी सोरला थांबले (प्रे. कृत्ये २१). तेथे त्याला ख्रिस्ताचे शिष्य भेटले. सात दिवसांनी तो निघाला तेव्हा सारी कुटुंबे, बायकामुलांसह, त्याला पोहोचवायला गावाबाहेर आली आणि त्यांनी किनाऱ्यावर गुडघे टेकून प्रार्थना केली. ज्या नगरीत माणूस माल होता, तिच्याच वाळूवर माणसे एकमेकांसाठी प्रार्थना करीत होती.

बंधुभगिनींनो, बंदर, व्यापार आणि वेढा हे आपल्या वसईला नवे नाही. खाडी, लाकूड आणि दगड यांमुळे ही भूमी साऱ्यांना हवीशी होती. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने ती पोर्तुगीजांना दिली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. पोर्तुगीजांच्या बंदरांतूनही गुलामांची खरेदी-विक्री होत असे आणि ती करणारे बाप्तिस्मा घेतलेले लोक होते, हे आपण विसरू नये. त्याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया पूर्वेकडे व्यापार करीत होता. चालता व्यापार सोडून तो मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मरण पावला. वसईचा दरबार, तोफा आणि जकात आज कोणाच्या स्मरणात नाही. यादी सोडून गेलेल्या त्या व्यापाऱ्याची मध्यस्थी आपण आजही मागतो.

मग आपल्या यादीत कोण आहे? वाडीचा गुंठ्याचा भाव आपल्याला तोंडपाठ आहे, पण वाटणीवरून अबोला धरलेल्या भावाच्या घरी आपण शेवटचे कधी गेलो? म्हाताऱ्या आईची आठवण आपल्याला येते, की तिच्या अंगठ्याची? घरी धुणीभांडी करणारी बाई, सोसायटीचा पहारेकरी, बांधकामावरचा परप्रांतीय मजूर, यांची नावे आपल्याला माहीत आहेत काय? आमोसने सांगितलेला बंधुत्वाचा करार कोर्टाच्या स्टॅम्पपेपरवर नसतो, म्हणूनच तो मोडणे सोपे जाते.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एक नाव यादीतून बाहेर काढावे. कोणाची थकलेली मजुरी असेल तर द्यावी. अबोला असेल तर आपणच पहिला फोन करावा. उंबरठ्यावर कोणी तुकडा मागायला आला, तर त्याचे गाव विचारण्यापूर्वी त्याचे दुःख विचारावे.

२०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात सोर शहरावर बॉम्बहल्ले झाले आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली. तेथील मातांसाठी आणि लेकरांसाठी आजच्या मिस्सेत आपण प्रार्थना करू या.

हे प्रभो, तुझ्या मेजावर आम्हां सर्वांना जागा आहे. आमच्या मेजावरही दुसऱ्यासाठी जागा ठेवायला आम्हांला शिकव. आमेन.