मुळांच्या पदरात

आमच्या भोरच्या घरामागे कुंपणाशी दहा हात जागा आहे. तिथे गवतही धड उगवत नसे. मी लहान असताना शेजारचा एक दुकानदार जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढी आणि उरलेला गाळ तिथे टाकी. दुकान केव्हाच बंद झाले, शिसे राहिले. ते मूलद्रव्य. कुजत नाही, जळून नाहीसे होत नाही, पावसाने फारसे हलतही नाही.

मागे एकदा वर्गात एका मुलीने विचारले, "सर, घाण झालेली माती धुता येते का?" मी पुस्तकातले उत्तर दिले : मोहरी, सूर्यफूल, वाळा अशी झाडे मुळांवाटे धातू ओढून घेतात. चेर्नोबिलच्या १९८६ सालच्या अपघातानंतर तिथल्या एका तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुले वाढवून पाण्यातले किरणोत्सर्गी सीझियम व स्ट्रॉन्शियम मुळांत गोळा केले होते. उत्तर देऊन घरी आलो, ती जागा दिसली, आणि माझी मलाच लाज वाटली. माती तपासून आणली, शेणखत घातले आणि मोहरी पेरली.

मुळाला विष हवे असते असे मुळीच नाही. त्याच्या दारावरची पारख ढोबळ असते, इतकेच. जस्ताच्या वाटेने कॅडमियम आत शिरते. भाताच्या मुळात सिलिकाच्या वाटेने आर्सेनिक. एकदा आत आले की मुळाला त्याचा नाश करता येत नाही. ते त्याला गंधक असलेल्या इवल्या साखळ्यांनी बांधते आणि पेशीतल्या पोकळीत कोंडते. शिसे तर बहुतेक मुळाच्या पेशीभित्तींतच अडकून राहते; पानांपर्यंत थोडेच पोचते. अशा वागण्याला आपण सोशिकपणा म्हणतो आणि त्याची फार स्तुती करतो. मला ती स्तुती हल्ली खटकते.

वेल्ह्याला माझ्या बहिणीच्या सासरी भातखाचरे आहेत. तिथले रोप उपटले की मुळांवर तांबूस लेप दिसतो. भाताचे मूळ चिखलात प्राणवायू सोडते, त्यामुळे लोह त्याच्याभोवती गंजून बसते, आणि त्या गंजात आर्सेनिकसारखे विषही काही अडते. काहीच, सगळे नव्हे. जपानात जिंझू नदीकाठी कामिओका खाणीतले कॅडमियम पाण्याबरोबर भातखाचरांत आले. मुळांनी ते घेतले. मुळांना आवरले नाही ते दाण्यात गेले. वर्षानुवर्षे तो भात खाऊन माणसांची मूत्रपिंडे बिघडली आणि हाडे इतकी कमजोर झाली की खोकल्यानेही मोडत. रोगी बहुतेक बायकाच, त्यातही अनेक बाळंतपणे झालेल्या. लोकांनी त्या दुखण्याचे नाव ठेवले 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. सरकारने त्याचे कारण मान्य केले ते १९६८ साली.

जानेवारीत मोहरी गुडघ्याएवढी झाली. आई विळी घेऊन मागे गेली, तिला मी धावत जाऊन अडवले.

"अरे, इतकी कोवळी पानं, आणि भाजी करायची नाही? मग लावलीस कशाला?"

"माती साफ व्हायला."

"बरं. आणि ही कुठे टाकणार?"

मला उत्तर सुचेना. गुरांना घालायची नाही, खतात टाकायची नाही. जाळली तर शिसे धुरात आणि राखेत. नीरेत सोडावी, तर नीरा नरसिंगपूरला भीमेला मिळेपर्यंत किती गावांचे पाणी! शिवाय एका पिकाने माती शुद्ध होत नाही. अशी कितीतरी पिके घ्यावी लागतील.

ज्याला विष धरून ठेवता येते त्याच्या गळ्यात ते बांधायचे, आणि तो भरला की त्यालाच फेकून द्यायचे. याला शुद्धी म्हणावे का? दुकानदाराने विष कुंपणाशी टाकले, मी ते मोहरीवर टाकले. त्याच्याजवळ निदान पुस्तक नव्हते.

मोहरी मुळांसकट उपटून जाड पोत्यात भरली आणि पडवीत ठेवली. रांजणगावला कारखान्यांचा घातक कचरा बंदिस्त पुरण्याची सोय आहे; मास्तराचे एक पोते ते घेतील का, विचारायचे राहिले आहे. दिवाळीच्या झाडलोटीत आईने सारी पडवी सारवली, पोत्याला मात्र हात लावला नाही. यंदा पुन्हा पेरणार का, असे ती विचारते आहे. पेरली, तर आणखी एक पोते लागेल.