कणकुंबीचा कालवा
बेळगावाहून चोर्ल्याच्या वाटेवर कणकुंबी लागते. येथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेस जाते. जवळचाच कळसा नाला मात्र पश्चिमेस, म्हादईकडे. तो मलप्रभेत वळविण्यासाठी कालवा खणला गेला, तोही निवाड्याच्या कितीतरी आधी. लवादाने 2018 साली कळसा-भांडुरा मिळून 3.9 टीएमसी पाणी वळविण्यास मान्यता दिली. हुबळी-धारवाडची तहान खरी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु आधी चर खणावा आणि मग त्याच चराकडे बोट दाखवून हक्क मागावा, हे न्याय्य कसे? खर्ची पडलेला पैसा हा पुरावा नव्हे. खाली गोव्यातील माणसे याच म्हादईवर जगतात. आणि खुद्द कणकुंबीकरांस काय वाटते, हे विचारण्याचे या वादात फार थोड्यांस सुचले.